टाकीच्या उजव्या बाजूला

हसू नका रे. खोटं वाटत असेल तर माझ्या धाकट्या साडूला विचारा. पण तो धड सांगायचा नाही. मीसुद्धा हे त्याच्याकडून तुकड्यातुकड्यानं काढून घेतलंय.

साडूला घरात सगळे शंकासूर म्हणतात. कुलूप लावून चार पावलं गेला, की परत येऊन ओढून बघणारा माणूस. नोव्हेंबरची नऊ तारीख, रविवार. रात्री सव्वादहाला तो कर्करोगाच्या दवाखान्यात तळमजल्यावर पोचला. काम साधंच होतं. रोग्याला किरणं कुठं आणि किती द्यायची, याचं गणित करणारा तिथला प्रोग्रॅम लिस्प नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेला. आकडेमोडीचं जड काम मात्र सी भाषेतल्या एका लायब्ररीकडे, म्हणजे तयार कोडच्या संचाकडे. दोघांना एकमेकांचं कळावं म्हणून मधे दुभाष्यासारखा थोडासा कोड. लायब्ररी नवी आली आणि दुभाष्या अडखळायला लागला. त्याला ठिगळ लावायचं, बस्स.

आणि ते रातोरातच लावायचं होतं. सकाळी साडेआठला एक बसचालक टेबलावर झोपणार होता. गाठ उजव्या फुफ्फुसात. धड असं डावंच उरलेलं.

मदतीला एकट्या तंत्रज्ञ बाई. साडूनं दोन तासांत फंक्शनांचे जुने पत्ते बदलले, कोड चालवला, चूक दाखवणारा एकही संदेश आला नाही. मग चाचणी. त्यासाठी तिथं माणसाऐवजी पाण्यानं भरलेली काचेसारखी चौकोनी टाकी ठेवतात. बाईंनी तिचा स्कॅन काढला, साडूच्या प्रोग्रॅमनं गणित केलं. आकडे तंतोतंत.

"झालं ना? निघू मी?" बाईंनी पर्स उचलली.

"एकदाच अजून काढू या."

"अहो, टाकी आहे ती. तिला काय होतंय?"

"माझ्या समाधानासाठी, बाई."

बाईंनी कपाळाला आठी घातली, पण बटण दाबलं. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. साडूच्या पडद्यावर चित्र उमटलं. मधे टाकीचा चौकोन. आणि चौकोनाला खेटून, डाव्या बाजूला, एक लांबट गोल. त्याच्या आत दोन पांढरे ठिपके.

"हे काय?"

बाई वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हात आहे," त्या म्हणाल्या. "मनगटाच्या जरा वर कापला तर असाच दिसतो. ती दोन हाडं."

साडूनं काचेतून पलीकडच्या खोलीत पाहिलं. टेबल, टाकी, पांढरा दिवा. बाकी कोणी नाही.

त्याला पहिला संशय आला तो बाईंचा. घरी जायचं म्हणून मागच्या कुणाचा तरी स्कॅन मधे घुसवला असेल! दुसरा संशय वॉचमनवर. तिसरा स्वतःच्या ठिगळावर, की जुनं चित्र मेमरीत तसंच राहिलं असेल. त्यानं प्रोग्रॅम बंद केला, मेमरी रिकामी केली. पलीकडच्या खोलीत जाऊन टेबलाखाली वाकून आला. दाराला बाहेरून कडी घातली. वॉचमनला फोन केला, तर तो फाटकावर. मग बाईंना म्हणाला, "आता काढा. आणि हात मला दिसतील असे ठेवा."

"माझ्यावर संशय घेताय?"

"सगळ्यांवरच घेतो. तुम्ही एकट्या नाही."

बाईंनी बटण दाबलं. साडू काचेला नाक लावून उभा. पलीकडे काही हललं नाही. टाकीतलं पाणीसुद्धा.

"आला," बाई म्हणाल्या.

"हात?"

"हो."

"कुठं?"

"उजवीकडे…"

साडू वळला. बाईंसमोर स्कॅनरचा पडदा होता. त्यावर हात टाकीच्या उजवीकडे. शेजारी त्याचा स्वतःचा पडदा. त्यावर तोच हात… डावीकडे.

तोंडचं पाणीच पळालं त्याच्या. भुतानं नाही रे! आपण काय करून बसलो, ते कळल्यानं. जुनी लायब्ररी रोग्याला पायाकडून बघायची, म्हणून दुभाष्यात चित्राची प्रत्येक रांग डावी-उजवी उलटी करायची सोय होती. नवी लायब्ररी डोक्याकडूनच बघते. उलटं करणारी कोडची ती ओळ काढायला हवी होती. ती राहिली. टाकी दोन्हीकडून सारखी. तिचं डावं-उजवं कधी चुकत नाही, म्हणून चाचणी पास. आणि सकाळी बसचालकाचं चांगलं फुफ्फुस…

त्यानं ती ओळ पुसली. घाईत तीनदा चुकीची कळ दाबली गेली. मग टाकीच्या उजवीकडे बाईंची पाण्याची बाटली ठेवून स्कॅन काढला. बाटली दोन्ही पडद्यांवर उजवीकडे. तो हात मात्र… नव्हता.

दोन वाजत आले होते.

"बाई, एक विचारू? इथं यापूर्वी कधी… बाजू चुकली होती?"

बाईंनी पर्सची चेन लावली. उघडली. पुन्हा लावली.

"बाई?"

त्यांनी दिवा मालवला.

बसचालकाचे उपचार नीट पार पडले. आता तो पुन्हा गाडीवर आहे. मला विचाराल, तर माझा बाईंवरचा संशय अजून गेलेला नाही. त्यांना काहीतरी ठाऊक होतं, पण सांगायचं नव्हतं. साडूला मी हे बोललोही. तो म्हणाला, "भाऊ, महिनाअखेरीला काय झालं ते ऐका."

तिथं किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाकडे एक बिल्ला असतो. अंगावर किती किरणं पडली ते त्यात उमटतं. महिनाअखेरीला सगळे बिल्ले तपासायला बाहेरच्या प्रयोगशाळेत जातात. दवाखान्यात अशी माणसं सहा. प्रयोगशाळेनं कळवलं, तुमच्याकडून सात आले. सातव्यावर नाव नाही, नंबर नाही. त्यावर किरणं पडली आहेत ती दोन स्कॅनांपुरती.

सातवा त्यांनी पाकिटात घालून परत पाठवला. बाईंनी तो साडूला दाखवला, हातात दिला नाही. तिथले सहाही जण बिल्ला छातीवर लावतात.

हा मनगटावर बांधायचा होता.