सातव्या स्लाइडवरची चौकट

बाईंच्या पत्राला अण्णांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला सहा वर्षं झाली. पत्रावर पत्ता नव्हता, ही सबब तेव्हा फार सोयीची वाटली होती. निवृत्तीनंतर बाई लेकीकडे राहायला गेल्या होत्या. कुणालाही विचारलं असतं तरी पत्ता मिळाला असता. पण पत्रात एकच प्रश्न होता, ‘माझ्यावाचून टेबल रिकामं वाटतं का?’ त्यावर धड एक वाक्य अण्णांना जमेना. चार कागद फाडले. त्याच वर्षी बाई वारल्याचं कळलं.

आज ते सगळं वर आलं ते वाचनालयातल्या संगणकामुळे. अण्णा आणि बाई दोघं इथेच नोकरीला होते तेव्हा त्यांनी मुलांसाठी ‘पुस्तक ओळखा’ हा स्लाइड-शोचा खेळ बनवला होता. शनिवारी तो पुन्हा दाखवायचा होता आणि चालेना. नव्या ग्रंथपाल मुलीने फोन केला, “अण्णा, बाळ तुमचं आहे. रडतंय. या.”

टेबल तेच होतं, खिडकीतून दुपारचं ऊनही तसंच तिरपं येत होतं. हवेत डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास होता. खेळातल्या प्रत्येक स्लाइडवर एक प्रश्न, खाली उत्तर टाइप करायची चौकट आणि ‘तपासा’ हे बटण. चौकटी बाईंनी काढल्या होत्या, मागचा कोड अण्णांचा. चाचणी घेताना बाई उत्तराऐवजी भलतंच लिहायच्या. ‘आज मौनव्रत आहे वाटतं?’ अण्णाही तिथेच टाइप करून उत्तर द्यायचे. समोरासमोर त्यांची दातखीळ बसायची. जे काय बोलणं झालं ते बहुतेक त्या चौकटींतूनच.

दोष साधाच निघाला. संगणकाने सुरक्षेसाठी मॅक्रो, म्हणजे बटणांमागचा कोड चालवणारी सोय, बंद केले होते. ते चालू करताच बटणं कामाला लागली. फक्त सातव्या स्लाइडवरच्या चौकटीत आधीच लिहिलेलं होतं,

‘बघितलंत का?’

अण्णा हसले. टाइप केलेलं पुसलं नाही तर ते चौकटीत तसंच राहतं, हा जुनाच त्रास. त्यांनी ते पुसलं, सेव्ह केलं, पुन्हा शो सुरू केला.

‘बघितलंत का?’

मुलीला वाटलं, कुणीतरी कोडमध्येच लिहून ठेवलं असेल. दोघांनी ओळ न् ओळ वाचली. ते शब्द कुठेच नव्हते. शो बंद केला की चौकट कोरी, सुरू केला की भरलेली. शेवटी अण्णांनी चौकटच काढून टाकली. दुसरी काढली, तिला नवं नाव दिलं आणि शो लावला.

‘ही पण छान आहे.’

मुलगी खुर्ची सरकवून उठली. मग मागची कपाटं बंद करायची आहेत असं काहीसं पुटपुटत ती निघून गेली.

अण्णांनी कीबोर्ड जवळ ओढला. त्यांनी टाइप केलं, ‘पत्ता नव्हता.’ आणि ‘तपासा’ दाबलं.

चूक.

त्यांनी ते पुसलं.

मग लिहिलं, ‘धीर नव्हता.’

बरोबर.

चौकट आपोआप कोरी झाली. मग एकेक अक्षर उमटत तिच्यात एक पत्ता आला.

अण्णांनी त्याच टेबलावर कागद घेतला. ‘हो. अजूनही वाटतं,’ एवढंच लिहिलं. या वेळी फाडलं नाही. पाकिटावर बाईंचं नाव घातलं आणि पडद्यावर बघून पत्ता उतरवला.

तो अण्णांच्याच घराचा होता. त्या घरात ते एकटेच राहायचे, आणि तिथे राहायला आले होते बाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. इमारत, मजला, दाराचा क्रमांक, सगळं अचूक. फक्त शेवटी एक ओळ जास्त होती, ‘मागची खोली’.

त्यांनी तीही लिहिली, आणि घरी जाताना पाकीट टपालपेटीत टाकलं.