कवीच्या नावाची रिकामी जागा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. तिचं नाव अक्षया. हे नाव तेवढं लक्षात ठेवा.

गेल्या ऑक्टोबरातला मंगळवार. दुपारचे साडेतीन. रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं एक जुनं ग्रंथालय.

तिथे कुठल्याशा इंग्रज कॅप्टनच्या कुटुंबाची पेटी सापडली होती. आत अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कवितांची पुस्तकं आणि एक हस्तलिखित वही. छापायच्या सूचीसाठी प्रत्येक कवितेचं एक कार्ड करायचं. वर कवीचं नाव, खाली नोंद करणाऱ्याचं. हे काम अक्षयाकडे आलं.

ती जिवाचं रान करत होती, त्याला कारण होतं. आधीची सूची तिने दोन वर्षं खपून केली आणि छापून आली ती दुसऱ्याच्याच नावाने. या वेळी मुखपृष्ठावर आपलं नाव हवंच, एवढाच तिचा हट्ट होता.

अडलं ते वहीपाशी.

चौदा कविता. प्रत्येकीखाली कवीच्या जागी फक्त ‘एका स्त्रीकडून’. त्या काळी कित्येक बायका स्वतःचं नाव घालत नसत.

ग्रंथपाल विनीत सर वैतागले. “वहीवर कॅप्टनचं नाव आहे ना? मग त्याचंच घाल गो. कोण येतंय तपासायला?”

अक्षयाला पटलं नाही. कॅप्टनची सही वेगळी होती, कवितांचं अक्षर वेगळं. तिरपं, घाईघाईचं. पण शुक्रवारी सूची छापायला जायची होती. तिने चौदा कार्डांवर पेन्सिलीने कॅप्टनचं नाव लिहिलं, खाली स्वतःचं, आणि हात धुवायला गेली.

परत आली तर...

चौदाही कार्डांवर कवीची जागा रिकामी.

टेबलावर खोडरबराचा भुगा पडला होता. तिच्याकडे खोडरबर नव्हताच.

शिपाई दादूकाका बाहेर पायरीवर बसले होते. “कोण आत आलं होतं काय ओ काका?”

“नाय गो अक्षया. मी इथंच बसलोय कधीचा.”

या वेळी तिने पेन घेतलं. चौदावं नाव लिहून झालं आणि पंखा थांबला. वीज गेली नव्हती, दिवा चालू होता.

मग पाठीमागून...

खस... खस... खस...

कोणीतरी कागद घासत होतं. ती वळली. कोणी नव्हतं. तिने टेबलाकडे पाहिलं. शाई गेली होती, त्या जागी कागद झिजला होता.

अक्षया घाबरली. पण त्याहून जास्त चिडली. “तुझं नाव मला माहीत नाही ना बाई! तुला नाव हवंय ना? मग घे माझं!”

घासणं थांबलं.

पंखा फिरू लागला. आणि कार्डांवर... वहीतल्याच तिरप्या अक्षरात, चौदाही ठिकाणी कवीचं नाव आलं होतं.

अक्षया.

खाली, नोंद करणाऱ्याची जागा मात्र आता कोरी होती.

ती पर्स उचलून बाहेर धावली. “निघालीस काय गो...” दादूकाका अडखळले. “काय गो तुझा नाव? आत्ता होता ओठावर.”

घरी आईने नेहमीसारखा पाण्याचा तांब्या पुढे केला. “बस हो. दमलीस.” मग तिच्याकडे बघतच राहिली.

“अगो... तुला मी काय म्हणून हाक मारते?”

सूची छापून आली. मुखपृष्ठावर कोणाचंच नाव नव्हतं. आत चौदा कवितांवर होतं.

आता ती रोज सकाळी स्वतःचं नाव दहा वेळा लिहिते. मला म्हणाली, “दादा, तू तरी कुठेतरी लिहून ठेव रे.” म्हणून हे लिहिलं.

परवा तिचा फोन आला. स्क्रीनवर नाव नव्हतं, नुसता नंबर. मी उचलला. म्हटलं, “बोल गं...”

पुढे काही सुचेना.

अजूनही तसंच होतंय. तिचं नाव...

थांबा. वर बघून सांगतो.