लाल देठाचा एपासोते

"अहो! अहो, काय करताय? थांबा!"

ओतिलिया मक्याच्या सरीतून धावत सुटली. तिच्याच शेतात कुणी अनोळखी तरुण खुरपं चालवत होता... आणि त्याच्या मुठीत मुळासकट उपटलेला एपासोते! कालवणात घालायचा वासाचा पाला, लाल देठाचा, रुंद दातेरी पानांचा. गेल्या वर्षीच्या गारपिटीतून वाचलेली ही एवढीच चार रोपं होती, बियाण्यासाठी राखलेली. ती गेली की घरच्या काळ्या घेवड्याच्या कालवणाचा वासच गेला, कायमचा!

"तण काढतोय," तो म्हणाला. "मी फेर्मिन. मामाचा पाय मुरगळला, म्हणून त्याच्याऐवजी सावडीला आलोय."

"तण? डोळे फुटले की काय?"

"आमच्या डोंगरापलीकडं एपासोते हिरवागार असतो, बाई. बारीक देठ, अरुंद पान. असलं लाल, करवतीसारखं काही दिसलं की रानटी म्हणून उपटतो आम्ही."

तिनं एक पान चुरगाळून थेट त्याच्या नाकाखाली धरलं. "घ्या वास!"

त्यानं घेतला. डोळे विस्फारले. "बाप रे... हा तर आमच्याहून झणझणीत!" मग तो पानाकडं बघायचं सोडून तिच्याकडंच बघत राहिला.

"पानाकडं बघा," ती फणकारली. पण तिला रडू फुटलं, आणि ती घराकडं पळाली.

तिनं ती चारही रोपं परत मातीत लावून पाहिली. पाणी घातलं, सावली केली... चार दिवसांत मुळं काळी पडली. संपलं.

आणि वर सावड फेडायची होतीच! मामाऐवजी त्यानं इथं दिवसभर राबून दिलं, म्हणून आता हिनं मामाच्या नाही, त्याच्याच शेतात राबायचं. महिनाभरानं मक्याला मातीची भर द्यायची वेळ आली, तशी ओतिलियानं खोरं खांद्यावर टाकलं.

"त्याचा हिरवा एपासोते एकदा उपटतेच, बघ तू आई!"

"उपट हो," आई म्हणाली. "पण केस विंचरून जा."

फेर्मिन वाटच बघत होता. तो तिला थेट झोपडीमागं घेऊन गेला. चटईच्या सावलीत मडकी मांडलेली... आणि त्यांत लाल देठ! टवटवीत!

"त्या दिवशी तू पळालीस, तेव्हा त्या रोपांचे शेंडे खुडून ओल्या फडक्यात आणले होते. निम्मे मेले, हे जगले. आधी सांगणार होतो, पण... हेही मेले असते तर तू पुन्हा रडली असतीस. ते मला बघवलं नसतं."

ओतिलियानं पान चुरगाळलं. तोच वास! ती हसली, रडली, परत हसली. असा आनंद तिला उभ्या जन्मात झाला नव्हता.

"घेऊन जा, तुझेच आहेत," फेर्मिन म्हणाला. "फक्त... गेल्यावर मला करमायचं नाही. रोपांचं म्हणत नाही मी, ओतिलिया. तुझं म्हणतोय. त्या दिवसापासून जीव जडलाय तुझ्यावर."

तिला कुठं बघावं कळेना, म्हणून तिनं मडक्यांच्या शेजारी बघितलं. तिथं हातभर अंतरावर त्याचा हिरवा एपासोते डोलत होता.

"अरे वेड्या, इतकं जवळ लावतात का कुणी? फुलोरा आला की वाऱ्यानं संकर होईल. मग ना धड लाल, ना धड हिरवा! लाल लावायचा घराच्या पुढं, हिरवा पार मागं."

"घराच्या? कुणाच्या घराच्या?"

ओतिलियाचे कान लाल झाले. तिनं खोरं खाली ठेवलं, आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आपल्या."