हाताचा फरक

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेल्यातलं निम्मं बायको सोडते. त्यामुळे ही गोष्ट मी आजवर कोणाला तोंडी सांगितली नाही. लिहिताना माणूस जरा जपून थापा मारतो, म्हणून लिहितोय.

मी खाडीवरच्या संशोधन केंद्रात तंत्रज्ञ आहे. काम काय, तर चिखल मोजणं. हसून घ्या, माझे मेहुणे गेली बावीस वर्षं हसताहेत.

खाडीच्या तोंडाशी मोठं खाजण आहे. भरतीला पाण्याखाली जाणारी, ओहोटीला उघडी पडणारी, खारट गवताची जमीन. समुद्र दरवर्षी केसभर वर चढतो. खाजणही गाळ धरून तेवढंच वर चढलं तर ते जिवंत. मागे पडलं तर बुडालं. प्रश्न एवढाच, पण त्याचं उत्तर एका वर्षात मिळत नाही. आम्ही तीस वर्षं विचारत होतो.

खाजणात नऊ प्लॉट आहेत. प्रत्येकात खाली खडकापर्यंत ठोकलेला एक लोखंडी खांब. वर्षातून दोनदा त्या खांबावर आडवी पट्टी बसवायची, पट्टीच्या नऊ भोकांतून नऊ बारीक सळया चिखलाला टेकेपर्यंत अलगद सोडायच्या, आणि प्रत्येक सळई पट्टीच्या वर किती उरली ते मिलिमीटरमध्ये वाचायचं. मग पट्टी फिरवायची आणि चारही दिशांना तेच. एका प्लॉटचे छत्तीस आकडे. हे सगळं फळीवर गुडघे टेकून. प्लॉटमध्ये पाऊल टाकायचं नाही. पाऊल पडलं की ती जागा दहा वर्षांसाठी कामातून गेली.

पहिल्या दिवसापासून हे आकडे वाचले ते आमच्या सरांनी. गाव त्यांना मिलीमास्तर म्हणायचं. त्यांची एक खोड होती. सळई चिखलाला टेकली की तिच्या डोक्यावर ते नखाने दोनदा वाजवायचे. टक, टक. मग वाचायचे. चिखल म्हणजे काही फरशी नव्हे. त्या टकटकीने सळई जराशी आत जायची. माझा हात हलका, मी टेकली की सोडतो. म्हणजे तीच जागा, तोच दिवस, आणि सरांचा आकडा माझ्याहून तीन मिलिमीटर कमी. कायम तीन.

ही अडचण सगळीकडेच असते, म्हणून आमच्या कामात एक रीत आहे. मोजणारा बदलायचा असेल तर जुन्याने आणि नव्याने तीन वर्षं, म्हणजे सहा फेऱ्या, बरोबर मोजायचं. आधी नव्याने, मग जुन्याने. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने सळयांकडे पाठ करून बसायचं, मागून आलेला आकडा लिहायचा. पाठ का, तर एकाचं बघून दुसऱ्याचा हात बदलू नये म्हणून. दोघांमधला जो फरक निघेल, तो हाताचा फरक. तो एकदा कागदावर आला की जुने आणि नवे आकडे एका दोऱ्यात ओवता येतात.

सरांच्या जागी मी यायचा होतो. आम्ही सहा फेऱ्या केल्या. आठ प्लॉट मी इमानेइतबारे वाचले. नववा नाही.

नववा प्लॉट अगदी तोंडाशी, सगळ्यात शेवटी. तिथे पोचेपर्यंत भरती लागलेली असते, गुडघे बोलायला लागलेले असतात, आणि फळी इतकी खाली की सळयांपाशी तिच्यावर कायम बोटभर पाणी. पहिल्या फेरीला मी फळीवर उभा राहूनच मागच्या वेळचा सरांचा कागद खिशातून काढला आणि त्यातले आकडे थोडे इकडे-तिकडे करून मोठ्याने सांगत गेलो. सर पाठ करून बसलेले. लिहीत गेले. एकदा केलं म्हटल्यावर पुढे पाच वेळा करावं लागलं. थापेचं असंच असतं, तिलाही सातत्य लागतं.

सर आजारी पडले तेव्हा मी भेटायला गेलो होतो. खिडकीकडे तोंड करून पडलेले होते.

"थापाजी," ते म्हणाले. मला ते याच नावाने हाक मारत. "सहा फेऱ्या झाल्या नाही का आपल्या?"

"झाल्या की सर."

"नऊवर तुझे गुडघे कधी भिजले नाहीत."

मी म्हटलं, "मी उकिडवा बसून वाचतो सर. पँट कोण धुणार?"

"अच्छा," ते म्हणाले. मी निघताना एवढंच म्हणाले, "थापा कुठेही मार रे. सळयांवर मारू नकोस."

पंधरा दिवसांनी गेले.

त्याच वर्षी खाडीच्या तोंडाशी बांध घालायचं निघालं. खाजण बुडतंच आहे, मेलंच आहे, तर मग अडवायला काय हरकत, असं बांधवाल्यांचं म्हणणं. समितीपुढे आमची तीस वर्षांची नोंद जायची होती. मुख्य कचेरीत एक आकडेबाई आहेत, त्यांचा फोन आला.

"आठ प्लॉटवर तुमच्या हाताचा फरक तीन आहे. नऊवर शून्य. हे कसं?"

"तिथला चिखल घट्ट असेल, बाई."

"चिखल घट्ट असता तर सर गेल्यानंतरच्या तुमच्या पहिल्याच फेरीत तो एकदम तीन मिलिमीटर वर आला नसता. समोरचे यावरच बोट ठेवणार. एक प्लॉट खोटा म्हणजे सगळी नोंद खोटी. महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा मला."

मी फोन ठेवला. एका माणसाची तीस वर्षं माझ्या कोरड्या गुडघ्यांवर येऊन थांबली होती. खरं सांगावं तर नोंद बुडते, न सांगावं तरी बुडते. उरला तिसरा मार्ग, आणि तो मला चांगला जमतो: सरांबरोबर मोजलेला नऊचा खरा कागद म्हणून एक नवा कागद तयार करायचा, दोघांच्या आकड्यांसकट. सरांचे आकडे मी घरी बसूनही लिहू शकलो असतो. पण खोट्या कागदालासुद्धा चिखलाचा वास हवा, म्हणून होडी काढली.

भुतं रात्रीच येतात असं म्हणणाऱ्यांनी ओहोटीचं वेळापत्रक पाहिलेलं नसतं. दुपारचे सव्वाबारा वाजले होते. लख्ख ऊन. पाणी पार खाली गेलेलं, गवत स्तब्ध उभं, आणि चिखलातून तो नेहमीचा नासक्या अंड्यासारखा वास. खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे फुटण्याचा आवाज सोडला तर कसलाही आवाज नाही.

या वेळी मात्र गुडघे टेकले. पाणी पँटमधून आत शिरलं. नऊ सळया सोडल्या, अलगद, माझ्या हाताने. आकडे लिहिले. मग दुसऱ्या रकान्यावर 'सर' असं लिहिलं आणि थापा मारायला बसलो. सवयीने पाठ केली. वास्तविक पाठ करायला मागे होतं कोण?

पेन्सिल टेकवली आणि मागे आवाज झाला.

टक, टक.

खेकडा असेल, असं मी स्वतःशी म्हटलं. खेकडे नांग्या आपटतात.

टक, टक... थोडं पुढे. मग थांबून आणखी थोडं पुढे. माणूस एक सळई वाचून पुढच्या सळईवर जायला जेवढा वेळ घेतो, तेवढं अंतर ठेवून. मी मोजत होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. नऊ वेळा झालं आणि थांबलं. त्यानंतर खेकड्यांचे बुडबुडेसुद्धा नव्हते...

मी वळलो. फळीवर कोणी नव्हतं. चिखलावर पाऊल नव्हतं, पक्ष्याचंही नाही. नऊच्या नऊ सळया खाली गेल्या होत्या. मी वाचल्या. प्रत्येक तीन मिलिमीटर.

पळून जायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण अजून तीन दिशा राहिल्या होत्या आणि भरती लागत होती. मी आकडे लिहिले, सळया उचलल्या, पट्टी फिरवली, माझ्या हाताने वाचलं, पाठ करून बसलो. तो नऊ वेळचा आवाज आणखी तीनदा ऐकला. शेवटचा आकडा लिहिताना मी हळूच म्हटलं, "झालं सर." उत्तर आलं नाही. ते एक बरं झालं.

घरी आल्यावर बायकोने ओली पँट पाहिली. "आज खरंच काम केलेलं दिसतंय," म्हणाली. तिला सगळं सांगितलं. "बरं," म्हणाली आणि पँट भिजत घातली.

कागद मुख्य कचेरीत गेला. मी सोबत काहीच लिहिलं नाही. सर असतानाचाच कागद, तारीख टाकायला विसरलो, असं आकडेबाईंना वाटलं, आणि मी ते तसंच राहू दिलं. फरक तीनावर आला, दोरा जुळला. समितीने नोंद मान्य केली. खाजण जेमतेम का होईना, वर चढत होतं. बांध झाला नाही.

त्यानंतर पाच वर्षं मी नऊ नंबर एकट्याने वाचला. आवाज नाही, काही नाही. सळया मी सोडल्या तिथेच राहायच्या. मला वाटलं, हिशेब मिटला.

यंदा माझ्या जागी येणारी नवी बाई रुजू झाली. तिशीतली, शिकलेली, मला काका म्हणते आणि माझ्या थापांना बायकोपेक्षा जास्त हसते. आमची पहिली फेरी गेल्या आठवड्यात झाली. आठ प्लॉट झाले. तिचाही हात हलकाच आहे, माझ्यासारखा. आमच्यात फरक शून्य.

नऊवर तिने आधी वाचलं. मी फळीच्या वरच्या, कोरड्या टोकाला पाठ करून बसलो आणि लिहिलं. मग माझी पाळी. ती पाठ करून बसली, पेन्सिल घेतली. एवढ्यात मला दिसलं, होडीचा दोर सुटत आलाय. "दोन मिनिटं थांब गं," म्हटलं आणि गेलो. वारा होता. दोर बांधायला दोनाची वीस मिनिटं झाली. परत आलो तर ती सळया पुसून पिशवीत भरत होती.

"चला काका, पाणी चढलं." मला वाटलं, भरतीमुळे माझी पाळी पुढच्या फेरीवर ढकलली. मी वाद घातला नाही. गुडघे दुखत होते.

संध्याकाळी केंद्रात टेबलावर कागद पसरले. नऊ नंबरचा माझा रकाना भरलेला होता. छत्तीस आकडे, तिच्या अक्षरात.

"काका, इथेच तुमचा हात जड कसा पडला?" ती म्हणाली. "सगळीकडे तीन कमी."

मी कागद जवळ ओढला. "हे आकडे तुला कोणी सांगितले?"

"म्हणजे काय? तुम्हीच की. मागून."

"आवाज माझा होता?"

ती हसली. तिला वाटलं, मी नेहमीसारखी सुरुवात करतोय. "तुमचाच. जरा बसला होता, एवढंच. आणि ती टकटक कशाला करता हो सळईवर? त्यानेच आत जाते ती."

तिने टेबलाखाली वाकून स्वतःच्या पँटवरचा वाळलेला चिखल झटकला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"पण काका, तुमचे गुडघे कोरडे कसे?"

"उकिडवा बसतो मी," मी म्हटलं.

रीतीप्रमाणे अजून पाच फेऱ्या व्हायच्या आहेत. पुढची सहा महिन्यांनी. तेव्हाही नऊवर आधी ती वाचेल आणि मी पाठ करून लिहायला बसेन. मागून आकडे येतील. आवाज तिचाच असेल, याबद्दल मला आता शंका नाही. शंका आहे ती वाचणाऱ्याबद्दल.