घाटातलं शून्य

धातुस्मृती प्रयोगशाळेच्या मधोमध कुमुदिनी बर्गेंची गाडी हवेत टांगलेली होती. दवाखान्यात एखाद्या भारदस्त माणसाचा पायजमा वर सरकावा, तशी ती खालून दिसत होती. बाईंनी सभ्यपणे नजर वळवली.

साताऱ्यात आता बहुतेक वाहनं आपली आपण चालायची, ढगासारखी, आवाज न करता. पेट्रोलची, गिअरपेटीची गाडी दिसली की लोक बाल्कनीतून हात करायचे. पण कायदा कडक होता. जुन्या गाडीत एकच दोष तीनदा नोंदला गेला, की गाडी थेट दाबयंत्रात. बर्गेंच्या गाडीचा दोनदा नोंदला गेला होता आणि तोही यवतेश्वरच्या घाटात, एकाच वळणावर. गाडी चांगली चाललेली असताना गिअरपेटीतला गतिवेदक अचानक कळवायचा की आपण थांबलोय. वेगाचा काटा सावकाश झोपी जायचा, गिअरपेटी भांबावायची आणि गाडी लंगडत घरी यायची. वेदक दोनदा नवा बसवून झाला, तारा बदलून झाल्या. गॅरेजात नेली की मात्र गाडी अगदी साळसूद.

तिसरी आणि शेवटची चाचणी सोमवारी होती.

बाईंचे यजमान जयसिंगराव जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचे कपडे वाटून झाले, चष्मा कुणालाच चालला नाही. गाडीत बसलं की मात्र ती सीट अजून त्यांच्याच अंगानं कललेली असायची. त्या गाडीचा लोखंडी ठोकळा झालेला बाईंना बघवणार नव्हता.

प्रयोगशाळेचे डॉ. तन्वीर आत्तार गाडीखालून बाहेर आले. त्यांच्या कपाळाला गिअरचं तेल लागलं होतं आणि चेहऱ्यावर पोरगं झाल्यासारखा आनंद होता. शेजारी वाहन-निरीक्षक पिसाळ हाताची घडी घालून उभे होते. दुरुस्तीवर सरकारी नजर हवी, असाही एक नियम होता.

"वेदक बिचारा निर्दोष आहे," आत्तार म्हणाले. "तो समोरच्या दातेरी चाकाकडं बघून वेग सांगतो. खोटं बोलतंय ते चाक."

"चाक खोटं कसं बोलेल, डॉक्टर? त्याला काय बदलीची भीती आहे?" पिसाळांनी विचारलं.

"खोटं म्हणजे, ते आठवणीत रमतं. लोखंडात कोट्यवधी बारीक चुंबकं असतात, मेंढरांसारखी. वर्षानुवर्षं एकाच वाटेनं हाकली की मेंढका झोपला तरी मेंढरं त्याच बांधाशी वळतात. घाटातली वळणं, चढ, गिअर, हा एक ताल आहे. तो सुरू झाला की चाकाला पुढचं आठवतं. मी याला सवयचुंबकत्व म्हणतो. ही गाडी त्या वळणावर शेकडो वेळा थांबलेली आहे. आता थांबली नाही तरी तिला थांबल्यासारखंच वाटतं."

कुमुदिनीबाईंचा चेहरा उजळला. दर सोमवारी हे यवतेश्वराच्या दर्शनाला जायचे, त्यांनी सांगितलं. कडक उपास. पाणी पिऊन जायचे आणि येताना तोंडाला देवळातल्या प्रसादाचा वेलदोड्याचा वास. तेव्हा गाडी थांबणारच.

"देऊळ वर आहे, काकू," पिसाळ म्हणाले. "हे वळण बरंच खाली. इथं तर..." आणि ते एकदम छताकडं बघू लागले.

"इथं काय?"

"कौशीमावशीची भज्यांची टपरी."

कुमुदिनीबाई आहारतज्ज्ञ होत्या. जिल्ह्यातल्या निम्म्या हृदयांचं तेल-मीठ त्यांनी ठरवलं होतं आणि भाषणात उदाहरण म्हणून नवऱ्याकडं बोट दाखवलं होतं. ते पहिल्या रांगेत बसून मान हलवायचे.

तुम्हाला कसं ठाऊक, असं बाईंनी पिसाळांना विचारलं. पिसाळांनी खाकरून सांगितलं की त्या वळणावर त्यांनी बऱ्याच जुन्या गाड्या नापास केल्या आहेत. सगळ्यांचा दोष हाच. आत्तारांनी सावकाश मान डोलावली. म्हणजे गावातल्या अर्ध्या पुरुषांचा सोमवार त्या वळणावर सुटत होता आणि लोखंडानं ते जपून ठेवलं होतं.

"पुसून टाका," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

आत्तारांनी तांब्याच्या तारेचं, आठवण पुसणारं जाडजूड कडं चाकाभोवती बसवलं. एकदा ते घुमलं की सगळी मेंढरं उधळणार, चाक नव्यासारखं कोरं होणार आणि गाडी वाचणार. बटण दाबण्याआधी त्यांनी सवयीचा आलेख पडद्यावर शेवटचा पाहिला आणि त्यांचं बोट थबकलं. परतीच्या उतारावर आणखी एक शून्य होतं. अगदी लहान.

पिसाळ म्हणाले, तिथं काहीच नाही. कठडा आणि खाली दरी.

बाई आलेखातल्या त्या खाचेकडं बघत राहिल्या. भज्यांवर रागावता येत होतं. पण काहीच नसलेल्या जागी हा माणूस दर सोमवारी कशासाठी थांबत होता? ते पुसलं की ते कायमचं गेलं. आणि नाही पुसलं तर गाडी.

"डॉक्टर, चाक म्हणतं थांबलोय आणि गाडी चालत असते, म्हणून दोष ना?"

"हो."

"आणि गाडी खरंच थांबली तर?"

आत्तारांनी बटणावरचं बोट काढलं. "तर चाक खरं बोललं."

"मग राहू द्या. चाळीस वर्षं लोकांच्या सवयी मोडायला गेले. एकाचीही मोडली नाही, असं दिसतंय."

सोमवारी घाटात धुकं असं उतरलं होतं की रस्ता आपला आपण आठवत पुढं जातोय, असं वाटावं. बाई चालवत होत्या, शेजारी पिसाळ मांडीवर दोषवाचक घेऊन, मागं आत्तार. ते वळण आलं. काटा पडू लागला आणि त्याच्या लयीत बाईंनी ब्रेक दाबला. काटा शून्यावर, गाडीही शून्यावर. दोषवाचक गप्प.

धुक्यातून कौशीमावशी आल्या. गाडी ओळखीची होती. त्यांनी न विचारता कांदाभज्यांची बशी खिडकीतून आत दिली, आणि मागोमाग एक पुडी.

"हे घरच्या बाईंचं. साहेब दर सोमवारी बांधून न्यायचे. म्हणायचे, मावशी, आज तिला सांगूनच टाकतो."

बाईंनी पुडी मांडीवर घेतली. ती गरम होती. एवढ्या सोमवारांत एकही पुडी घरी आली नव्हती. बशी त्यांनी पिसाळांकडं सरकवली. पिसाळांचाही सोमवार होता, पण चाचणीत अडथळा नको म्हणून त्यांनी ती संपवली.

परतीच्या उतारावर काटा पुन्हा पडला. बाईंनी गाडी थांबवली. कठडा, धुकं, बाकी काही नाही. मग कठड्यामागून कुत्री आली, शेपट्या हलवत, घाई न करता, आणि चालकाच्या दाराशी ओळीनं बसली. त्यांची नजर पुडीवर होती.

बाईंना कळलं. इथून पुढं घर दिसू लागायचं. इथं येऊन जयसिंगरावांचा धीर सुटायचा आणि पुडी कुत्र्यांना जायची.

त्यांनी पुडी सोडली. एक भजं स्वतः खाल्लं, सावकाश. "तेल दुसऱ्यांदा तापवलेलं आहे," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक खाल्लं. उरलेली त्यांनी कुत्र्यांना वाटली.

पिसाळांनी दोषवाचक पाहिला. दोष नाही. गाडी पास.

बाईंनी हात पुसायला फडकं शोधत पुढचा कप्पा उघडला, तर आत एक छोटी डबी होती. वेलदोड्यांची. घरी आता वास घेणारं कुणी नव्हतं. तरी त्यांनी एक तोंडात टाकला, आणि गाडी गिअरात घातली.