नैवेद्याआधीचा चमचा

"उष्टं केलं! महालक्ष्म्यांचं ताट उष्टं केलं इनं!"

अकोल्याच्या बाजारात शेवंती विकून नुकतेच दारात पाऊल ठेवलेले सासरे नत्थुजी ओरडले, पण गीतांजलीने मान वर केली नाही. देवींपुढेच कोसळलेल्या सासूचं, आशाबाईंचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं, आणि नैवेद्याच्या ताटातलं पंचामृत ती त्यांच्या ओठांतून चमच्या-चमच्याने सोडत होती... घाम, थरथर, तोंडातून अर्धवट शब्द! बोटातल्या रक्ताची साखर यंत्रावर बावन्न दिसली होती.

"शुगरवालीले गोड पाजून राह्यली? दोन महिने उपाशी मारलं, आता असं मारतं का?"

"मामाजी, साखर वाढली नाही, उतरली आहे! त्या गिळताहेत तोवर पाजू द्या!"

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, आणि त्या दिवसापासून बिनसाखरेचा चहा देणारी, पोळ्या मोजून वाढणारी गीतांजली या घरात कैदाशीण ठरली होती. आज तर तिने हात जोडले होते, "आई, उपास धरू नका, आणि धरलाच तर गोळी घेऊ नका." पण आशाबाईंनी उपास धरलाच; फुलांना भाव मिळेपर्यंत नत्थुजींना सांज झाली, आणि घरधन्याशिवाय नैवेद्य दाखवायचा नव्हता!

"खरं सांग, सकायी काय दिलं तू आईले?" नवऱ्याने, विपुलनेही विचारलं. तिने पुढचा चमचा भरला.

दहा मिनिटांनी आशाबाईंचे डोळे स्थिरावले.

"तिले काय इचारता?... दोन गोया म्याच खाल्ल्या. एक चुपचाप जास्तीची... म्हटलं, संध्याकायी पुरणपोयी खाईन, ते आधीच जिरून जाईल."

दारातली शेजारीण शालू पुटपुटली, "अवो काकू, गोयी म्हंजे का ॲडव्हान्स असते?"

कुणी हसलं नाही. गीतांजलीने डॉक्टरांना फोन लावला. गोळीचा अंमल अजून उतरायचा होता, साखर पुन्हा घसरू शकत होती. थोडं जेवू घालून लगेच अकोल्याला आणा, असं त्यांनी सांगितलं.

विपुलने गाडी काढली. नत्थुजी चाचरत म्हणाले, "सूनबाई इथंच थांबू दे. नवं ताट वाढून नैवेद्य कोन दाखवंल?"

तीस वर्षं महालक्ष्म्यांच्या दिवशी उंबरा न ओलांडलेल्या आशाबाईंनी वरणभाताचा घास गिळला आणि सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"तुमी दाखवा! हात नाहीत काय तुमाले? मले काही झालं असतं, तर हिले जन्मभर खुनी म्हनले असते तुमी... अन् तोंड उघडाले मी राह्यले नसते. चाल पोरी. तू पन सकायपासून उपाशी हाय. गाडीत बसून आधी जेव, मंग माह्यं बोट टोच."

गीतांजलीने डबा भरायला घेतला, दोघींचा.