पट्टीखालची जाग

सकाळी चहा टाकायच्या आधीच खाड्यांच्या घरात दोन फोन एकापाठोपाठ किणकिणले. झोपेचे दाखले आले होते. धैर्यशीलने आपला उघडून पाहिला, 'उत्तम' हा शेरा वाचून ऐसपैस आळस दिला आणि कपाळावरची निद्रापट्टी सोडवून खुंटीला अडकवली. वृषालीच्या फोनवरही तोच शेरा होता. ती गॅससमोर उभी होती आणि पातेल्यात साखर घातली की नाही, हे काही केल्या तिला आठवत नव्हतं.

"परत नाही झोपलीस?" तिच्या चेहऱ्याकडे बघत त्याने विचारलं.

"नाही."

"दाखला तर चांगला आलाय की."

"रात्रभर मी पंख्याची घरघर ऐकत होते. पहाटे वरच्या टाकीत पाणी चढलं, तेही ऐकलं. तुम्ही मध्येच कुणाला तरी डिझेल भरलं का म्हणून विचारत होतात."

धैर्यशील हसला, पण मायेने. "जागं असल्याचं स्वप्न पडत असेल तुला."

हेच तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, बहिणीने सांगितलं होतं आणि पट्टी विकणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्रातल्या गोड आवाजानेही सांगितलं होतं.

वृषालीची झोप उडाली ती धाकट्याच्या बाळंतपणानंतर. मूल मोठं होऊन शिकायला बाहेरगावी गेलं, तरी झोप परत आली नाही. तिने काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. सासूबाईंच्या सांगण्यावरून जायफळ उगाळून दुधातून घेतलं, काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळलं. दुपारनंतरचा चहा सोडला. फोन स्वयंपाकघरात ठेवायला सुरुवात केली. झोप आली तरच अंथरुणाला पाठ टेकायची, नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं, ही शिस्त तर तिने एखाद्या व्रतासारखी पाळली. तिने मन लावून पाळलेल्या सवयींनी काही महिने बरे गेले, मग पुन्हा पहिले पाढे. गोळ्यांनी डोकं जड व्हायचं, झोप लागायची नाही.

मग निद्रापट्टी निघाली. कपाळावर बांधायची, मऊ, ओढणीच्या काठाएवढी रुंद. माणूस गाढ झोपतो तेव्हा मेंदूत विजेच्या संथ लाटा उठतात. पट्टी तशाच लाटा बाहेरून हलकेच सोडायची आणि मेंदू त्यांच्या तालावर डोलू लागायचा. सोबतच ती झोपेची नोंदही ठेवायची. ज्यांच्या चुकीने माणूस दगावू शकतो अशांना, म्हणजे वाहनचालक, परिचारिका, औषधं देणारे, या सगळ्यांना पुढे हा दाखला सक्तीचा झाला. धैर्यशील मिरज-पुणे गाडी चालवायचा. वृषाली मिरजेतल्याच एका रुग्णालयात औषध विभागात होती. पट्टी न लावता तिला दाखला मिळाला नसता, आणि लावून झोप मिळत नव्हती.

त्या दिवशी तिने वरिष्ठांकडे वेगळं काम मागितलं.

"मॅडम, आज मला काउंटरवर बसवू नका. मागे गोदामात काहीतरी काम द्या," ती म्हणाली.

मॅडमनी पडद्यावर तिचा दाखला उघडला. "वृषाली, अगं, माझ्यापेक्षा चांगली झोप झालीय तुझी. मी वर काय कारण कळवू?"

ती काउंटरवर बसली. दुपारी कधीतरी पानसे नावाच्या वृद्ध गृहस्थांचं रक्त पातळ करणारं औषध तिच्या हातून दुप्पट ताकदीचं गेलं. चिठ्ठी तिने वाचली होती. खोक्यावरचा आकडा वाचला होता. दोन आकडे वेगळे आहेत, एवढंच तिच्या लक्षात आलं नाही. ते का आलं नाही, याचा तिने पुढे हजारदा विचार केला. डोळे उघडे होते, हात चालत होते, आणि तरी त्या क्षणी आत कुणी नव्हतं.

पानसे आठवड्याभरात मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले.

चौकशी फार लांबली नाही. समितीतल्या एका सौम्य गृहस्थांनी तिला विचारलं, "आदल्या रात्री आपण झोपला होता?"

"नाही."

"दाखल्यात तर पूर्ण झोप दिसते."

"मी जागी होते, साहेब."

त्यांनी कागद बाजूला सारला. "बाई, झोप झाली नव्हती असं यंत्राने सांगितलं असतं, तर आम्हाला सहानुभूतीने विचार करता आला असता. आता याला निष्काळजीपणाच म्हणावं लागेल."

तिला कामावरून काढलं. पानशांच्या मुलीने तिला व्हरांड्यात गाठलं तेव्हा वृषालीला वाटलं, ही आता हात उगारेल. मुलगी नुसती म्हणाली, "तुम्ही तर ताज्यातवान्या होतात म्हणे." तिचा आवाजही चढला नव्हता. तेवढं बोलून ती निघून गेली. थप्पड बसली असती तर बरं झालं असतं, असं वृषालीला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

नोकरी गेल्यावर तिने पट्टी लावणं सोडून दिलं. मग डोळाही लागेना. घरात दिवसाउजेडी पडदे ओढून ती बसून राहायची. धैर्यशील गाडीवरून आला की डाळभात लावायचा, तिला समोर बसवून जेवायला लावायचा आणि भांडी घासायला उठायचा.

डॉक्टर निलोफर मुजावर यांचा फोन आला तो अशा एका दुपारी. मेंदूच्या झोपेवर त्या संशोधन करत होत्या. चौकशीच्या अहवालातलं वृषालीचं एक वाक्य त्यांच्या वाचनात आलं होतं.

"वृषालीताई, 'मी जागी होते,' असं तुम्ही तीनदा सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, तुम्ही होतात."

वृषाली फोन कानाला धरून रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर विश्वास ठेवला होता.

मुजावरांच्या प्रयोगशाळेत पट्टीपेक्षा कितीतरी बारीक पाहणारं यंत्र होतं. त्यांनी वृषालीला पट्टी लावून निजवलं, सगळ्या नोंदी घेतल्या आणि मग दोघा नवराबायकोंना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावरचा मेंदू जवळजवळ सगळा निळा होता. आत खोलवर, सुपारीएवढा एक ठिपका मात्र पिवळाधमक दिसत होता.

"निळं ते झोपलेलं. हे पिवळं जागं," मुजावर म्हणाल्या. "आम्ही याला बेट म्हणतो. पट्टी पृष्ठभागाजवळ मोजते, तिला ते दिसत नाही. आणि तिच्या लाटा तिथवर पोचतही नाहीत. भोवतालचं सगळं झोपतं आणि हे एकटं जागं राहतं, रात्रभर. मग दिवसा ते मध्येच डुलकी घेतं, माणूस काम करत असतानाच. डोळे उघडे असतात, पण दिसलेलं कळत नाही."

वृषालीला पानशांचं खोकं आठवलं. तिने पदर मुठीत धरला.

"म्हणजे हिचा मेंदू वेगळा आहे," धैर्यशील म्हणाला.

"ते अजून ठाऊक नाही. तुलनेसाठी मला एक गाढ झोपणारा माणूस हवाय. दादा, तुम्हीच का नाही पडत थोडा वेळ?"

धैर्यशील लगेच तयार झाला. बायकोसाठी काहीतरी करता येतंय, याचाच त्याला आनंद होता. मुजावरांनी त्याला समजावलं, "झोपेत माझा आवाज ऐकू आला, तर बंद पापण्यांखाली बुबुळं हलवायची. 'हो'साठी दोनदा, 'नाही'साठी एकदा. झोपेत हात हलत नाहीत, पण डोळे हलवता येतात."

"झोपलेल्याला कसलं ऐकू येतंय, डॉक्टर," तो म्हणाला आणि पट्टी बांधून आडवा झाला. थोड्याच वेळात घोरू लागला.

पडदा निळा झाला. वृषाली श्वास रोखून बघत होती. निळ्याच्या मधोमध पिवळा ठिपका उमटला. तिच्याएवढाच.

मुजावर त्याच्या कानाशी वाकल्या. "दादा, ऐकू येतंय?"

त्याचं घोरणं चालूच होतं. पापण्यांखाली बुबुळं दोनदा हलली.

"झोप लागलीय तुम्हाला?"

एकदा.

"रोज रात्री असंच होतं?"

दोनदा.

मुजावरांचा चेहरा उतरला होता. "सकाळी यांना यातलं काही आठवत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "बेटातून आठवणीकडे जायला वाटच नसते. तुम्ही वर्षानुवर्षं जागून ती वाट पाडलीत, म्हणून तुम्हाला आठवतं. ताई, हे बहुतेक पट्टी लावणाऱ्या सगळ्यांचंच असणार."

वृषाली खुर्चीतून उठली. नवऱ्याजवळ गुडघे टेकून बसली आणि त्याच्या कानात म्हणाली, "अहो, मी आहे. फार त्रास होतो का?"

बुबुळं दोनदा हलली. मग पुन्हा दोनदा. मग थांबेचनात, बंद दारावर कुणी धडका द्याव्यात तशी पापण्यांखाली हलत राहिली. तिने त्याच्या कपाळावरची पट्टी ओढून काढली.

धैर्यशीलने डोळे उघडले आणि जांभई दिली. "वा. काय झोप लागली," तो म्हणाला. "झालं ना, डॉक्टर? संध्याकाळी गाडी आहे माझी."

"गाडी काढू नका," वृषाली म्हणाली.

"का?"

तिने सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग मुजावरांकडे बघू लागला. त्यांनी नुकतीच टिपलेली चित्रफीत त्याच्यासमोर लावली. त्याने आपलाच निजलेला चेहरा पाहिला, पापण्यांखालची ती धडपड पाहिली. किती माणसं रोज आपल्या गाडीत मागे निर्धास्त बसतात, हे त्याच्या मनात आलं असावं, कारण त्याने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि हात पुसल्यासारखा पँटला घासला.

"पट्टीशिवाय मला झोपच येत नाही आता," तो म्हणाला. "सुटीच्या दिवशी लावली नाही, तर छताकडे बघत पडतो मी."

वृषालीने त्याचा हात हातात घेतला.

"वृषा," त्याने विचारलं, "मग आज रात्री मी काय करू?"